खारी हवा, जुनी मोटार

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे झाकण उघडे राहिले, की दुसऱ्या दिवशी काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. मिठाला पाणी सुटते. हे पाणी मिठातून आलेले नसते. हवेतील बाष्प मिठाने शोषून घेतलेले असते. शुद्ध सोडिअम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली, की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मात्र थोडे मॅग्नेशिअम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरते. मुंबईची हवा भर हिवाळ्यातही सहसा इतकी कोरडी होत नाही. म्हणजे जुहूच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर उडालेले मीठ एखाद्या पत्र्यावर बसले, तर तो पत्रा जवळजवळ बारा महिने ओला राहतो. डोळ्यांना न दिसणारा, पण ओलावाच.

आता समजा, जुहूच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली १९४७ सालची एक अमेरिकन प्लीमथ मोटार उभी आहे. कित्येक वर्षे ती जागची हललेली नाही. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला आहे. गाडी सुमारे १,४०० किलोग्रॅमची, तेव्हा सौदा वाईट नाही. घरातील नववीत शिकणारी मुलगी मात्र विचारते, "ही पुन्हा चालू होणारच नाही, हे नक्की कोणी ठरवले?"

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारे बहुतेक शास्त्र तुमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे. चला, आपण ही मोटार भाग भाग करून तपासू.

कुर्ल्याची अमेरिकन मोटार

प्रथम ही मोटार येथे आली कशी, ते पाहू. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि येथे त्यांची मोटार व्हायची. पुढे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लीमथ आणि डिसोटो या गाड्या जोडण्यास सुरुवात केली. पहिल्या गाड्या १९४७ मध्ये बाहेर पडल्या. देश स्वतंत्र झाला ते हेच वर्ष.

क्रायस्लरची एक युक्ती आज दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगी पडते. परदेशात विकण्यासाठी त्यांनी 'डॉज किंग्जवे' नावाची मोटार काढली. तिचे नाव डॉज असले तरी अंग प्लीमथचेच होते. त्यामुळे एकीचे कित्येक भाग दुसरीला चालतात.

१९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की नुसती जुळणी करणाऱ्यांना नव्हे, तर देशात भाग तयार करण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच परवानगी मिळेल. पुढच्याच वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. कुर्ल्यातही हळूहळू लहान फियाटने मोठ्या अमेरिकन गाड्यांची जागा घेतली. ज्यांच्याकडे त्या गाड्या होत्या, त्यांना मग सुटे भाग मिळेनात. येथील कारागीर ते भाग लेथवर स्वतः बनवू लागले. अनेक गाड्यांतील मूळ इंजिन काढून काटकसरीसाठी डिझेल इंजिन बसवले गेले. आपल्याकडे ज्या काही गाड्या टिकल्या, त्या या कारागिरांच्या हातांमुळे.

गंज नेमका कोठे लागतो?

आपल्या प्लीमथचा वरचा पत्रा, म्हणजे छप्पर आणि बोनेट, बऱ्यापैकी शाबूत आहे. परंतु दाराची खालची कड बोटाने दाबताच आत जाते. मडगार्डच्या आतील बाजूस, जेथे चिखल साठून राहतो, तेथे भोके पडली आहेत. असे का व्हावे? हवा आणि पाऊस तर छपरालाच जास्त लागतात!

गंजणे ही एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ओल्या लोखंडावर एका ठिकाणी लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे टाकून आयनाच्या रूपात पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. दोन्ही प्रकारचे आयन पाण्यात भेटले, की लोहाचे हायड्रॉक्साइड आणि पुढे तांबूस गंज बनतो. थोडक्यात, पत्र्यावर एक चिमुकला विद्युत्-घट तयार होतो. त्याची तार म्हणजे तो पत्रा आणि त्याचे द्रावण म्हणजे पाण्याचा थर. पाणी शुद्ध असेल तर त्याचा रोध मोठा, म्हणून घट मंद चालतो. त्यात मीठ विरघळले, की रोध घटतो आणि घट जोरात चालू होतो. जुहूच्या हवेचे काम हे असे आहे. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते खाणाऱ्याची वाट मोकळी करते.

आता चिखलाचे कोडे सुटते. चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो, बाजूच्या उघड्या भागाला तो भरपूर मिळतो. ऑक्सिजन जेथे भरपूर तेथे इलेक्ट्रॉन वापरले जातात, आणि ते पुरवण्यासाठी जेथे ऑक्सिजन कमी तेथील लोखंड विरघळते. म्हणून गंज झाकलेल्या, न दिसणाऱ्या जागी खोल जातो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो तयार झाला, की पाचर ठोकल्याप्रमाणे सांधा फाकवतो आणि वरच्या रंगाला फोड येतात. तेव्हा रंगावरचा वाटाण्याएवढा फोड दिसला, तर आत रुपयाएवढे भोक असेल असे समजूनच चालावे.

हे तुम्हांला स्वतः पडताळून पाहता येईल. लोखंडाचे पाच सारखे खिळे घ्या. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. पहिला कोरड्या परीक्षानळीत कॅल्शिअम क्लोराइडबरोबर ठेवून बूच लावा. दुसरा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून वर खाद्यतेलाचा थर द्या. तिसरा नळाच्या पाण्यात आणि चौथा मिठाच्या पाण्यात ठेवा. पाचव्या खिळ्याभोवती जस्ताच्या पत्र्याची पट्टी घट्ट गुंडाळून तोही मिठाच्या पाण्यात ठेवा. आठवडाभर रोज पाहून नोंद करा. चौथा आणि पाचवा यांतील फरक नीट पाहा. लोहापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन अधिक सहज देते; त्यामुळे ते आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्तयुक्त रंगाचा पहिला हात याच तत्त्वावर काम करतो.

पत्र्याची परीक्षा आणि उपचार

जुनी मोटार विकत घेणारे जाणकार खिशात एक लहान चुंबक ठेवतात. भोक पडलेल्या जागी पुट्टी भरून वरून रंग दिला, तर डोळ्यांना काही कळत नाही. चुंबकाला मात्र लगेच कळते. अंतर वाढले, की चुंबकाचे आकर्षण फार झपाट्याने कमी होते. पुट्टीचा दोन-तीन मिलिमीटरचा थर मध्ये आला, तरी चुंबक घसरून पडतो. चुंबकाला पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही.

लहान गंजलेले भाग साफ करण्याची एक सुरेख पद्धत आहे. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण करतात. बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला गंजलेला भाग आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा टाकाऊ पत्रा जोडून दोन्ही एकमेकांना न टेकतील असे बुडवतात. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सैल होऊन सुटतो, आणि चांगले लोखंड जसेच्या तसे राहते. घासून साफ करताना गंजाबरोबर थोडे लोखंडही जाते, तसे येथे होत नाही. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये; त्यातील क्रोमिअमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात. सोड्याऐवजी मीठही वापरू नये. क्लोरीन वायू सुटतो. कडक स्प्रिंगसारखे भाग या बादलीत घालत नाहीत, कारण हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

ज्या जागी पत्रा उरलेलाच नाही, तेथे नवा पत्रा कापून, ठोकून आकार देऊन, वेल्डिंगने जोडावा लागतो. जोड लपवण्यासाठी अमेरिकेतील कारखान्यांत त्या काळी पुट्टी नव्हे, तर शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू वापरत. त्याची गंमत पाहा. शुद्ध धातू एका ठराविक तापमानाला वितळतो. पण ७० भाग शिसे आणि ३० भाग कथील यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि सुमारे २५५ अंशांना पूर्ण द्रव होते. मधल्या पल्ल्यात ते चक्क्यासारखे मऊ राहते. कारागीर तेवढ्या वेळात लाकडी पट्टीने ते पत्र्यावर थापून आकार देतो. त्याआधी पत्र्यावर कथलाचा पातळ थर चढवावा लागतो. हे काम तुमच्या आजीच्या ओळखीचे आहे! तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करणारा भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो, तसेच हे. नवसागर धातूवरील ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील धातूला नीट चिकटते. शिसे विषारी असल्याने कारागिराने ते कोरडे घासून त्याची पूड उडवू नये. कानशीने काढून कीस गोळा करावा.

जाम झालेले इंजिन

आता बोनेट उघडू. या प्लीमथमध्ये एका ओळीत सहा सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास सव्वातीन इंच, म्हणजे ८.२५५ सेंमी., आणि पिस्टनची धाव ४ पूर्णांक ३/८ इंच, म्हणजे ११.११ सेंमी. तुम्हीच हिशेब करा: सहाही सिलिंडरांचे मिळून आकारमान सुमारे ३,५७० घन सेंमी. भरते. एवढे मोठे इंजिन अश्वशक्ती देई ९५. आजच्या लहान मोटारीतील १,२०० घन सेंमी.चे इंजिन ८० ते ९० अश्वशक्ती देते. फरकाचे एक मोठे कारण असे, की जुने इंजिन मिश्रणाला ६.६ पटच दाबते. आजची इंजिने दहापट किंवा अधिक दाबतात. जेवढा दाब अधिक, तेवढा उष्णतेचा अधिक भाग कामात येतो. पण कमी दाबाचे आणि कमी वेगाचे इंजिन हळू झिजते, हेही खरे.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा वेळी हातोडा मारणे म्हणजे पिस्टन फोडणे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ, झिरपणारे तेल ओततात आणि काही दिवस थांबतात. केशाकर्षणाने तेल केसापेक्षा बारीक फटींत शिरते. मग इंजिन हळूहळू तापवून थंड करतात. पिस्टन ॲल्युमिनिअमचा आहे, सिलिंडर बिडाचा. ६० अंश तापमान वाढले, तर एवढ्या व्यासाचा ॲल्युमिनिअमचा पिस्टन सुमारे ०.११ मिमी. प्रसरण पावतो, बिडाचा सिलिंडर सुमारे ०.०५ मिमी. तुम्ही म्हणाल, तापवल्यावर पिस्टन उलट अधिकच घट्ट बसेल! अगदी बरोबर. पण त्या दाबाने मधला ठिसूळ गंज चुरडतो, आणि थंड होताना पिस्टन अधिक आकसून जागा सोडतो. तेथे तेल शिरते. दोन-चार वेळा असे केल्यावर इंजिन हाताने किंचित हलले, तरी अर्धी लढाई जिंकली.

इंजिन फिरू लागले, की प्लगच्या जागी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. समजा, तिसऱ्या सिलिंडरचा दाब कमी आला. दोष कड्यांचा की व्हॉल्व्हचा? सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर कड्या झिजल्या आहेत, कारण तेलाने तेथील फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर हवा व्हॉल्व्हमधून निसटत आहे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम तुम्ही प्रयोगवहीत लिहिता. चांगला मिस्त्री तो रोज पाळतो.

प्रसरणाचे आणखी एक उदाहरण येथेच मिळते. गाडी चालू करणारा 'सेल्फ' ज्या दातेरी कड्याला फिरवतो, ते कडे जड चक्रावर स्क्रूने बसवलेले नसते. ते तापवून चढवतात. ३५ सेंमी. व्यासाचे पोलादी कडे २०० अंशांनी तापवले, तर व्यास सुमारे ०.८ मिमी.ने वाढतो. कडे सहज सरकते आणि थंड झाले, की घट्ट आवळून बसते. गावाकडील लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव अशीच चढवतो.

सहा व्होल्टचे कोडे

आजच्या मोटारीत १२ व्होल्टची बॅटरी असते. आपल्या प्लीमथमध्ये ६ व्होल्टची आहे, आणि तिचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. क्रायस्लरने ही पद्धत १९५५ पर्यंत ठेवली. सवयीने ऋण टोक सांगाड्याला जोडणारा मेकॅनिक येथे डायनामो आणि रेग्युलेटर यांचे नुकसान करून बसतो.

"सहा व्होल्टच्या गाड्या चालूच होत नाहीत, बारा व्होल्ट करून टाका," असा सल्ला नेहमी मिळतो. तो तपासून पाहू. समजा, सेल्फला सुरू होताना २०० अँपिअर प्रवाह लागतो. ओहमच्या नियमाने मंडलाचा एकूण रोध ६ भागिले २००, म्हणजे ०.०३ ओहम. (फिरत्या मोटरमध्ये उलट विद्युत्-दाब निर्माण होतो, तो तूर्त सोडून देऊ.) आता जुहूच्या हवेने सांगाड्याच्या जोडावर गंजाचा पातळ थर आला आणि तेथे केवळ ०.०१ ओहम रोध वाढला. एकूण रोध ०.०४ ओहम होईल, प्रवाह १५० अँपिअरवर येईल, आणि त्या एका जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडेल. म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सा! १५० अँपिअर गुणिले १.५ व्होल्ट म्हणजे २२५ वॅट उष्णता त्या लहानशा जागी निर्माण होईल. हात लावला तर चटका बसेल.

तेवढ्याच शक्तीचा सेल्फ १२ व्होल्टवर १०० अँपिअर घेईल. त्याच्या मंडलाचा रोध ०.१२ ओहम. त्यात तोच ०.०१ ओहम मिळवला, तर जोडावर सुमारे ०.९ व्होल्ट जाईल, म्हणजे बाराचे जेमतेम आठ टक्के. तेव्हा १२ व्होल्टची गाडी अस्वच्छ जोड खपवून घेते. ६ व्होल्टची घेत नाही. पण जोड घासून स्वच्छ केले आणि जाड तार वापरली, तर ६ व्होल्टची गाडीही झटकन चालू होते. तारेचे पाहा: दीड मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचे छेदक्षेत्र १६ चौरस मिमी. असेल, तर रोध सुमारे ०.००१६ ओहम, ५० चौरस मिमी. असेल, तर सुमारे ०.०००५ ओहम. मूळ जाड तार बदलून बाजारात मिळणारी बारीक तार लावल्यामुळेच कित्येक जुन्या गाड्या बदनाम झाल्या आहेत.

उलटे आटे आणि इंची आटे

या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट सोडवताना एक चमत्कार घडतो. नेहमीप्रमाणे पाना उलटा फिरवला, तर ते अधिकच आवळतात, आणि जोर केला तर तुटतात. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूला मुद्दाम उलटे आटे असत. तुमच्या सायकलच्या डाव्या पॅडललाही असेच उलटे आटे असतात. कारण समजण्यासाठी एक हाताची मूठ सैल ठेवून तीत पेन्सिल उभी धरा आणि दुसऱ्या हाताने तिचे वरचे टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागेल. फिरत्या भारामुळे बोल्ट असाच हळूहळू सरकतो; आटे उलटे केले, की सरकणे सुटण्याकडे न जाता आवळण्याकडे जाते.

दुसरी अडचण मापांची. अमेरिकन बोल्ट इंचांत. ५/१६ इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिमी.; आपला मेट्रिक बोल्ट ८ मिमी.चा. फरक डोळ्यांना दिसत नाही. पण बारीक आट्यांच्या अमेरिकन बोल्टवर इंचाला २४ आटे, म्हणजे दर आट्याला १.०६ मिमी.; मेट्रिकमध्ये १.२५ मिमी. नट दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तेथे पाना लावून जोर केला, की आटे मेले! म्हणून जाणता फिटर नेहमी नट आधी बोटांनी फिरवून पाहतो.

ब्रेक: येथे तडजोड नाही

इंजिन चालू झाले, की मोह होतो तो एक फेरी मारण्याचा. तो आवरावा. आधी ब्रेक.

या गाडीचे ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. पॅडलवर २०० न्यूटन बल लावले आणि तरफेने ते पाचपट झाले, तर मुख्य पिस्टनवर १,००० न्यूटन बल पडते. त्या पिस्टनचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंमी. धरले, तर द्रवातील दाब दर चौरस सेंमी.ला २०० न्यूटन. तोच दाब चारही चाकांपर्यंत पोचतो आणि तेथील ६ चौरस सेंमी.च्या प्रत्येक पिस्टनवर १,२०० न्यूटन बल देतो. द्रव दाबला जात नाही म्हणून हे घडते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर पायाचे बल तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होते आणि पॅडल स्पंजासारखे लागते.

ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते. ते पाणी पोलादी नळ्या आतून गंजवते. शिवाय ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते आणि वाफ तर सहज दाबली जाते. आता मुख्य गोष्ट. या गाडीत चारही चाकांना मिळून एकच द्रवमार्ग आहे. एका नळीला सुईएवढे भोक पडले, तर चारही ब्रेक एकदम निकामी होतात. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात ते याचसाठी. तेव्हा जुन्या नळ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी सगळ्या बदलाव्यात, सिलिंडर उघडून साफ करावेत, रबरे नवी घालावीत. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ कधीही फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

१९४७ चे पेट्रोल आज मिळत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल देशभर आले, आणि आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. मिश्रणाचा हिशेब केला, तर सुमारे १३.५ किलो येते. आजच्या गाडीतील संवेदक हे ओळखून इंधन वाढवतात. जुना कार्ब्युरेटर ओळखत नाही. तो पूर्वीच्याच प्रमाणात इंधन देतो आणि मिश्रण विरळ होते. उपाय भूमितीत आहे. इंधन ९ टक्के वाढवायचे, तर जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे वाढवावे लागेल. म्हणजे व्यास केवळ चार-साडेचार टक्के! इथेनॉलने जुनी रबरे फुगतात व चिरतात, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा हवा.

काय बदलावे, काय ठेवावे?

येथे एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर सूत्रात मिळत नाही. नवे इंजिन, नवी बॅटरी, नवे ब्रेक, नवा पत्रा घातला, तर ती मोटार १९४७ ची राहिली का? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्या नियमांत वाहनाचा सांगाडा, शरीर आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. अशी वाहने रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. यामागचा विचार असा, की जुने यंत्र हा एक पुरावा आहे. कारखान्यातील शिशाचा जोड, कुर्ल्यात बसवलेली पट्टी, एखाद्या अनाम फिटरने लेथवर बनवलेला पंपाचा दांडा, हे सारे त्यात लिहिलेले असते. दिसायला सुंदर करण्याच्या नादात ते पुसले, तर परत लिहिता येत नाही. म्हणून माझ्या मते नियम असा असावा: जीव ज्यावर अवलंबून आहे ते निःसंकोच बदलावे, बाकी जे दुरुस्त होते ते बदलू नये, आणि काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र, माप व कारण वहीत नोंदवावे.

जुहूने असे एक उदाहरण पाहिले आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर आपले लहान पुस मॉथ विमान उतरवले. भारतीय विमान वाहतुकीची ती सुरुवात होती. त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तोही त्याच जमान्यातील लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून. कोणीतरी त्या विमानाचा प्रत्येक बोल्ट तपासला होता म्हणूनच हे शक्य झाले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. प्लीमथ पुन्हा चालू होईल का? सांगाड्याच्या मुख्य तुळया चुंबकाला आणि हातोडीच्या टकटकीला नीट उत्तर देत असतील, आणि इंजिनाचे बीड तडकलेले नसेल, तर होईल. या दोन गोष्टी बिघडल्या असतील, तर मात्र तिचे भाग दुसऱ्या प्लीमथला द्यावेत. तेही वाचवणेच आहे. परंतु भंगारवाल्याला होकार देण्याआधी ही तपासणी व्हायला हवी, आणि तिला चुंबक, दाबमापक व व्होल्टमीटर एवढीच साधने पुरतात.

तुमच्या परिसरात साठी-सत्तरी ओलांडलेला एखादा मोटार-मिस्त्री असेल, तर त्याला जाऊन भेटा. सहा व्होल्टचे जोड, शिशाचे काम, उलटे आटे यांविषयी विचारा आणि लिहून घ्या. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्याची त्याची विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. शिक्षकांनी वर्गात खिळ्यांचा प्रयोग जरूर मांडावा. किनाऱ्याजवळच्या आणि दूरच्या शाळांनी तो एकाच आठवड्यात करून नोंदी परस्परांना पाठवल्या, तर अधिकच चांगले. आणि जाता जाता एक कोडे: आपल्या प्लीमथच्या ताडपत्रीचा तिला उपयोग झाला की अपाय? ताडपत्रीखालची हवा, रात्रीचे दव आणि मीठ यांचा विचार करा, म्हणजे उत्तर तुम्हांलाच सापडेल.